धोबीखान्यापासून धोबीखान्यापर्यंत: सॅन फ्रान्सिस्को आणि नकोसे शेजारी

धागा थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

माझी मावसबहीण गेली काही वर्षे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात राहते. मागच्या वर्षी तिने तेथे एक जुने घर विकत घेतले. खरेदीच्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात त्या वसाहतीचे मूळ करारपत्रही होते. मी इतिहास शिकते म्हणून तिने त्यातील एका पानाचे छायाचित्र मला पाठवले. त्या पानावरील कलमाचा आशय असा, की श्वेतवर्णीयांखेरीज अन्य कोणत्याही वंशाच्या व्यक्तीने या भूखंडावर राहू नये. घरकामाला ठेवलेले नोकर यास अपवाद. म्हणजे त्या काळी ताई तेथे मोलकरीण म्हणून राहू शकली असती, मालकीण म्हणून नव्हे. अशा कलमांना आज काडीचाही कायदेशीर आधार नाही, आणि तशी सूचना त्या कागदपत्रांना जोडलेलीही होती. परंतु कलम तसेच्या तसे होते.

काही आठवड्यांनी तिने दुसरे छायाचित्र पाठवले. शेजारच्या गृहस्थांनी दारात आणून दिलेले ते एक पत्रक होते. रेल्वे स्थानकाजवळच्या रिकाम्या वाहनतळावर बहुमजली इमारत होऊ घातली आहे, त्यामुळे परिसराचे स्वरूप बदलेल, सावली पडेल, गर्दी होईल, तरी विरोधासाठी सही करावी, अशी विनंती. खाली ताईचा प्रश्न: ‘सही करू का? माणसे फार सज्जन आहेत गं.’

माणसे सज्जन आहेत याविषयी मला जराही शंका नाही. पण ही दोन छायाचित्रे एकाच पोथीतील दोन पाने आहेत, असे माझे मत आहे. मधली पाने उलगडण्यासाठी हा धागा.

आरंभ कपडे धुण्यापासून करावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्कोत चिनी स्थलांतरितांची संख्या वाढली आणि त्यांना हुसकावण्याची मागणीही वाढली. पण उघडपणे ‘चिन्यांनो, चालते व्हा’ असा कायदा करणे संविधानाच्या चौकटीत अवघड होते. मग १८७० मध्ये नगराने हवेची काळजी घेण्याचे ठरवले. राहत्या खोलीत प्रत्येक प्रौढ माणसामागे ५०० घनफूट हवा असलीच पाहिजे, असा नियम झाला. आरोग्याच्या दृष्टीने नियम उत्तम! अंमलबजावणी मात्र चिनी वस्तीत झाली. दंड भरण्याऐवजी चिनी मजूर तुरुंगात जाऊ लागले, तुरुंग तुडुंब भरले, आणि त्या कोठड्यांमध्ये कैद्यांना मिळणारी हवा ५०० घनफुटांहून कितीतरी कमी होती. नियम मोडणारे सर्वांत ठळक घर खुद्द नगराचेच ठरले.

१८८० मध्ये पाळी आली धोबीखान्यांची. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा असेल तर नगराच्या पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. कारण दिले आगीचे, आणि लाकडी घरांच्या त्या शहरात आगीचे भय खरेच होते. शहरात सुमारे ३२० धोबीखाने, त्यांपैकी सुमारे २४० चिन्यांचे, आणि बहुतेक सगळेच लाकडी. परवानगी मागणाऱ्या सुमारे २०० चिन्यांना सरसकट नकार मिळाला. ८० च्या आसपास बिगरचिनी अर्जदारांना, एखादा अपवाद वगळता, सरसकट होकार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ या खटल्यात हा प्रकार अवैध ठरवला. कायद्याचा मजकूर निष्पक्ष असला तरी तो राबवणारा हात पक्षपाती असू शकतो, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. शहरांच्या इतिहासात रस असणाऱ्यांनीही तो अभ्यासायला हवा.

कारण याच सुमारास कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या लहान गावाने अधिक चतुर वाट काढली. १८८५ च्या तेथील नियमानुसार धोबीखाने केवळ रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस आणि एका ठरावीक रस्त्याच्या दक्षिणेस असू शकत होते. तो भाग म्हणजे चिनी वस्ती. नियमात कोणाचे नाव नाही, वंशाचा उल्लेख नाही, आहे फक्त नकाशा. न्यायालयाने हा नियम उचलून धरला. शहराचे नकाशावर विभाग पाडून कोठे काय असावे हे ठरवण्याच्या पद्धतीला आज आपण झोनिंग म्हणतो. अमेरिकेतील झोनिंगच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत मोडेस्टोच्या या नियमाची गणना होते.

सॅन फ्रान्सिस्कोने १८९० मध्ये थेट घाव घालून पाहिला: सर्व चिन्यांनी ठरवून दिलेल्या एका भागात साठ दिवसांच्या आत स्थलांतर करावे. न्यायालयाने तो आदेश लगेच मोडीत काढला. धडा स्पष्ट होता. माणसाचे नाव घेतले की कायदा पडतो, इमारतीचे नाव घेतले की टिकतो.

आता उपसागर ओलांडून पलीकडच्या काठावर, बर्कलीला जाऊ. विद्यापीठाचे हे नगर अमेरिकेतील पुरोगामी विचारांचे माहेरघर मानले जाते. १९१६ मध्ये बर्कलीने झोनिंगचा कायदा केला. त्यात केवळ स्वतंत्र, एका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवलेला विभाग होता आणि एल्मवूड भागाला त्याचे संरक्षण मिळाले. अशा वसाहती उभारणारे तेथील प्रमुख विकासक डंकन मॅकडफी या कल्पनेचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्या वसाहतींच्या करारपत्रांत वांशिक बंदीची कलमे असत. हेच गृहस्थ सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेचे अध्यक्ष होते आणि कॅलिफोर्नियाची राज्य उद्याने उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. रेडवूडची जंगले वाचवणारा माणूस आणि वसाहतीच्या वेशीवर माणसे अडवणारा माणूस, दोन्ही एकच. त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, त्यांच्या मनात ही दोन्ही कामे एकच होती: सुंदर जागा बिघडू न देणे.

त्याच काळातील एका भारतीय कुटुंबाची कथा येथे सांगायलाच हवी. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे. १९१५ मध्ये ते पत्नी कला आणि तीन लहान मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. पुढे त्यांनी बर्कलीत घर विकत घेतले. सामानसुमान घेऊन कुटुंब दारात पोहोचले, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकले होते. आपल्या मुलांना येथे इजा होईल या भीतीने कलाबाईंनी त्या घरात राहण्यास नकार दिला आणि कुटुंब परत फिरले. विकत घेतलेल्या स्वतःच्या घराच्या दारातून परत फिरले.

वैष्णोदास १९२१ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. दोनच वर्षांत, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात (आपल्या हुतात्मा भगतसिंगांशी गल्लत नको) सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘श्वेत’ नाही असा निर्णय दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव मराठी कानांना ओळखीचे वाटावे असे. या निर्णयानंतर भारतीयांचे नागरिकत्व रद्द होऊ लागले. पंडितांनी स्वतःचे नागरिकत्व न्यायालयात झुंजून राखले, बगाईंचे गेले. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परकीयांना जमीन बाळगण्यास कॅलिफोर्नियात बंदी होती. त्यामुळे घर गेले, दुकानही गेले. १९२८ मध्ये वैष्णोदासांनी आत्महत्या केली.

थिंड खटल्याचे निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, ‘युक्लिड विरुद्ध अँब्लर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला देशव्यापी वैधता दिली. भाडेकरूंच्या बहुमजली इमारतींना स्वतंत्र घरांच्या वस्तीत मज्जाव करणे योग्यच आहे, हे पटवताना त्या निकालात अशा इमारतीला बांडगुळाची उपमा आली आहे: मोकळ्या, सुखद वस्तीचा लाभ घ्यायला ती तेथे येते आणि शेवटी त्याच वस्तीचा घास घेते. हे निकालपत्रही सदरलँड यांचेच. एकाच लेखणीने तीन वर्षांच्या अंतराने आधी भारतीय माणूस बाहेर ठेवला आणि मग इमारत. योगायोग म्हणावा तर म्हणा. मला तो मूळ कागदांतील सर्वांत बोलका तपशील वाटतो.

(वांशिक झोनिंग १९१७ मध्येच अवैध ठरले होते. खाजगी करारांतील वांशिक कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हे १९४८ मध्ये ठरले. ताईच्या कागदांतील कलम त्यामुळेच निर्जीव आहे. एका कुटुंबाच्या घरांचा विभाग मात्र वैध राहिला.)

कायदा बदलला म्हणून शेजारी बदलले नाहीत. १९५७ मध्ये न्यूयॉर्कचा जायंट्स हा बेसबॉल संघ सॅन फ्रान्सिस्कोला येणार होता. संघाचा तारा विली मेज घर शोधू लागला. त्या काळी बेसबॉलमध्ये त्याचे स्थान म्हणजे आपल्याकडे क्रिकेटमध्ये सचिनचे, एवढे म्हटले म्हणजे पुरे. मागितलेली पूर्ण किंमत रोख मोजायला तो तयार होता, तरी मालकाने घर नाकारले, कारण कृष्णवर्णीय माणूस आला तर घरांच्या किमती पडतील म्हणून शेजाऱ्यांनी मालकावर दबाव आणला होता. गवगवा झाला, महापौरांना लाज वाटली, अखेर घर मिळाले. त्यानंतर खिडकीतून एक वीटही आत आली. १९६४ मध्ये घरविक्रीतील वंशभेदाला बंदी घालणारा राज्याचा नवा कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सार्वमताने उलथवला, जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी. तो कौल पुढे न्यायालयांनी रद्द केला हा भाग वेगळा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग घरबांधणीला होणारा प्रत्येक विरोध म्हणजे वंशद्वेषच. मला तसे म्हणायचे नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांनी याच शहराचा पुढचा इतिहास वाचलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पुनर्विकास यंत्रणेने वेस्टर्न ॲडिशन हा भाग ‘जीर्ण’ ठरवून पाडायला घेतला. युद्धकाळात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबल्यावर रिकाम्या झालेल्या तेथील घरांत गोदीकामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे राहू लागली होती. तेथील फिलमोर रस्ता जॅझ संगीताने गजबजलेला असे. हजारो कुटुंबे हलवली गेली. परत येण्याच्या हक्काची प्रमाणपत्रे वाटली गेली, पण परतता आले ते फार थोड्यांना. पाडलेले भूखंड वर्षानुवर्षे ओसाड पडून होते.

आणि इंटरनॅशनल हॉटेल. कर्नी रस्त्यावरील या स्वस्त निवासात वृद्ध फिलिपिनो आणि चिनी कामगार राहत. उमेदीची सारी वर्षे कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि जहाजांवर राबलेली, बहुतांशी एकटी माणसे. जागेवर व्यावसायिक बांधकाम करायचे म्हणून त्यांना बाहेर काढण्याचे ठरले. जवळजवळ दशकभर लढा चालला. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलीस आले, तेव्हा हजारो लोक हातात हात गुंफून इमारतीभोवती उभे होते. म्हातारे बाहेर काढले गेले. नंतर इमारत पाडली. तो भूखंड पुढे दोन दशकांहून अधिक काळ खड्डा होऊन पडला होता. २००५ मध्ये तेथे ज्येष्ठांसाठी परवडणारी घरे उभी राहिली. त्या पहाटेच्या साखळीत मी असते, तर मीही हात सोडला नसता.

म्हणून मला येथे एक भेद करावासा वाटतो. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाणार आहे त्याचा विरोध आणि ज्याच्या खिडकीतला देखावा जाणार आहे त्याचा विरोध, हे दोन भिन्न पदार्थ आहेत. १९७० च्या दशकात घडलेली मोठी शोकांतिका अशी, की पहिल्याच्या वेदनेतून जन्मलेली साधने दुसऱ्याच्या हाती गेली.

कशी, ते पाहा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने पर्यावरण परिणामांचा कायदा केला. त्यावर सही रोनाल्ड रेगन यांची. सरकारी प्रकल्पांची छाननी हा मूळ रोख. १९७२ मध्ये न्यायालयाने ठरवले, की सरकारी परवानगी लागणारे खाजगी प्रकल्पही त्यात येतात. त्यामुळे शहराच्या मध्यभागी, बसथांब्याशेजारी बांधल्या जाणाऱ्या इमारतीविरुद्धही कोणीही पर्यावरणाच्या नावाने न्यायालयात जाऊ शकले. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने निवासी भागांचे नियम आवळले आणि बहुतेक वस्त्यांत ४० फुटांची मर्यादा पक्की झाली. शिवाय या शहराची एक खास खोड आहे: आराखडा सगळ्या नियमांत चपखल बसत असला, तरी शेजाऱ्याच्या अर्जावरून त्याची पुन्हा सुनावणी होऊ शकते. तेथे नियमांपेक्षा चिकाटी मोलाची ठरते.

त्याच १९७८ मध्ये राज्याच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले, आणि माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली येथे आहे. घरपट्टी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधली गेली, आणि करासाठीचे मूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढेल असे ठरले; बाजारभावाचा हिशेब पुन्हा लागणार तो घर विकले जाईल तेव्हाच. एरवी घरांची टंचाई झाली की किमती वाढतात, किमती वाढल्या की मालकाचा करही वाढतो आणि टंचाईचा चिमटा त्यालाही बसतो. येथे तो चिमटाच काढून टाकला गेला. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या घरांपैकी चाळीस वर्षांपूर्वीचा मालक नव्या मालकाच्या तुलनेत अगदी किरकोळ कर भरतो. टंचाईचा लाभ त्याचा, भार मात्र नंतर येणाऱ्याचा. अशा व्यवस्थेत नव्या इमारतीला विरोध करण्यासाठी माणूस दुष्ट असावा लागत नाही, नुसता स्वस्थ असला तरी पुरते.

आणि नंतर येणारा सुनावणीला नसतोच. जी नर्स, जो शिक्षक, जी विद्यार्थिनी त्या न बांधलेल्या इमारतीत राहिली असती, ती आज दोन तासांच्या अंतरावरील गावात आहे. आपले घर अडवले गेले हे तिला ठाऊकही नाही. भर दुपारच्या सभेला येतो तो ज्याला सवड आहे तो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल: दप्तरात नोंद होते ती उपस्थितांची.

सबबी कोठवर जातात? वूडसाइड या अतिश्रीमंत गावाने २०२२ मध्ये जाहीर केले, की अख्खे गावच पुमा या रानमांजराचा अधिवास आहे, म्हणून एका भूखंडावर दोन घरांना मुभा देणारा राज्याचा नवा कायदा येथे लागू होऊ शकत नाही. राज्याच्या महाधिवक्त्यांनी डोळे वटारल्यावर पुमा मागे घेण्यात आला. २०२३ मध्ये बर्कलीत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाविरुद्ध लढणाऱ्यांना एका न्यायालयाने मान्यता दिली, की विद्यार्थ्यांचा गोंगाट हाही पर्यावरणावरील परिणाम मानून तपासायला हवा होता. म्हणजे माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या माणसांचे हसणे-बोलणे हे प्रदूषण. विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलला आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठाच्या बाजूने निकाल लागला.

आता शेवटचा धोबीखाना. हा आपल्यासाठी, म्हणजे इतिहासाच्या प्रेमिकांसाठी.

मिशन या भागात नाणी टाकून कपडे धुण्याची एक एकमजली लाँड्री होती. मालकाला तेथे ७५ घरांची इमारत बांधायची होती. कोणी राहत नव्हते, कोणाला हलवायचे नव्हते. आक्षेप आला, की १९७० च्या दशकात या वास्तूत स्थानिक चळवळींची कार्यालये होती, त्यामुळे ती ऐतिहासिक असू शकते. मालकाच्या खर्चाने शंभराहून अधिक पानांचा ऐतिहासिक अहवाल तयार झाला. निष्कर्ष: वास्तू ऐतिहासिक नाही. मग २०१८ मध्ये पर्यवेक्षक मंडळाने प्रकल्प पुन्हा थांबवला, या वेळी शेजारच्या शाळेच्या मैदानावर पडणाऱ्या सावलीचा अधिक अभ्यास हवा म्हणून. परवानगीच्या या खटाटोपात वर्षेच्या वर्षे गेली.

मिशनच्या रहिवाशांची भीती खोटी नव्हती. महागड्या इमारतींमागून येणारी भाडेवाढ त्यांनी पाहिली होती, आणि फिलमोरची आठवण शहरात जिवंत होती. पण लाँड्री तशीच उभी ठेवून कोणाचे भाडे उतरले? दरम्यान राज्याने सॅन फ्रान्सिस्कोला २०२३ ते २०३१ या काळात ८२,०६९ नव्या घरांची तरतूद करण्यास बजावले आहे. २०२५ मध्ये शहरांच्या आतील बहुतेक घरबांधणीला पर्यावरण कायद्याच्या जाचातून मोकळेही केले. ही मोकळीक मला योग्य वाटते. भाडेकरूंचे छप्पर वाचवणारे कायदे वेगळे आणि कडक असावेत, आणि खिडकीतल्या देखाव्याला मात्र कायद्यात जागा नसावी.

मला खुपते ते त्या शंभर पानांचे. १८८० मध्ये याच शहराने धोबीखाने नकोत म्हणून आगीचे निमित्त केले; २०१८ मध्ये धोबीखाना हवा म्हणून इतिहासाचे. निमित्त म्हणून वापरला गेला तो आपला विषय. जुन्या वास्तू जपण्यासाठी मी स्वतः सह्या गोळा केल्या आहेत, पुढेही करीन. पण वास्तूचा इतिहास लिहून ठेवणे आणि वास्तूच्या दाराला इतिहासाचे कुलूप लावणे यांत फरक आहे. त्या लाँड्रीतील चळवळींचा इतिहास त्या अहवालात आता नीट नोंदला गेला आहे. तो वाचायला लाँड्री उभी असण्याची गरज नाही.

मुंबईशी तुलना मुद्दाम टाळली आहे. प्रतिक्रियांत ती येईलच, आणि तिला स्वतंत्र धागा लागेल.

ताईला मी हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. बगाईंच्या कुलपाची गोष्ट तेवढी पाठवली, आणि सोबत एक नकाशा. ज्या बर्कलीने त्यांना दारातून परत पाठवले, तेथील मध्यवर्ती रस्त्याच्या एका तुकड्याला आता ‘कला बगाई वे’ असे नाव आहे. तिने उत्तर पाठवले, की पत्रक अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे आणि सुनावणी मंगळवारी दुपारी आहे. तिला रजा मिळाली तर ती जाणार आहे, बोलायला.